दहा सेंटांचा न्यायनिवाडा

वाङ्मयाच्या दरबारांत मानाच्या जागा ठरलेल्या असतात. महाकाव्य, नाटक आणि कादंबरी हीं गाद्यांवर बसतात. निबंध व लघुकथा ह्यांस सतरंजी मिळते. आणि चित्रकथा, जिला आजचीं मुलें कॉमिक म्हणतात, ती बिचारी दाराबाहेर चपलांपाशीं उभी असते. ही व्यवस्था कोणीं लावली हें विचारण्याची वेळ सहसा येत नाहीं. ती फार दिवसांची आहे एवढें कारण सर्वांस पुरतें. दाराबाहेरच्या अशाच एका पाहुण्याची आज आम्ही वाचकांशीं ओळख करून देणार आहों. त्याचा जन्म १९५३ सालचा, गांव न्यूयॉर्क, कागद हलका, रंग भडक आणि किंमत दहा सेंट.

‘विअर्ड फॅन्टसी’ ह्या नांवाचें एक द्वैमासिक १९५० ते १९५३ ह्या काळांत निघत असे. ‘ई. सी. कॉमिक्स’ ही प्रकाशनसंस्था तें काढी. मॅक्स गेन्स नांवाच्या गृहस्थानें बायबल, इतिहास वगैरे विषय चित्रांतून मुलांस शिकवावे ह्या सद्धेतूनें ही संस्था स्थापन केली होती. १९४७ सालीं एका नौकेच्या अपघातांत तो मृत्यु पावला आणि कारभार त्याचा मुलगा विल्यम गेन्स ह्याच्या हातीं आला. मुलानें बायबल बाजूस ठेवून भुतें, खून, लढाया आणि अंतराळ हे विषय हातीं घेतले. संस्थेचीं आद्याक्षरें तींच राहिलीं; ‘एज्युकेशनल’च्या जागीं ‘एंटरटेनिंग’ हा शब्द मात्र आला. बोधाची हकालपट्टी करून रंजनास घरांत घेतलें असें दिसत होतें. पण हाकललेला बोध मागील दारानें परत कसा आला, तें ह्या मासिकाच्या मार्च-एप्रिल १९५३ च्या, म्हणजे अठराव्या, अंकांत पाहावयास सांपडतें. त्या अंकांत ‘जजमेंट डे’ नांवाची सातआठ पानांची एक कथा आहे. शब्द आल फेल्डस्टाइन ह्यांचे, चित्रें जो ऑर्लँडो ह्यांचीं.

आमच्या पिढीस अंतराळाची पहिली वाट फ्लॅश गॉर्डननें दाखविली. १९६४ पासून निघूं लागलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून तो आमच्या घरीं येई. हिरवे राक्षस, चकचकीत बंदुका आणि वेळेवर सुटणारी राजकन्या एवढ्यावर आमचें अंतराळ संपत असे. पुढें महाविद्यालयांत असतांना मुंबईस फोर्टांतल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत ‘जजमेंट डे’चें एक पुनर्मुद्रण हातीं लागलें. घासाघीस करून तें घेतलें आणि लोकलमध्यें उभ्या उभ्या वाचून संपविलें. तीसबत्तीस वर्षांनीं, अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो सबंध अंक पुन्हा छापलेला पाठविला, तेव्हां तीच गोष्ट आम्हीं टेबलाशीं बसून, चष्मा लावून, सावकाश वाचली. दोन्ही वेळां गोष्ट एकच होती. पण नजर जेथें खिळली तें चित्र मात्र दोन्ही वेळां निराळें होतें.

कथा थोडक्यांत अशी. सिब्रिनिया नांवाच्या एका दूरच्या ग्रहावर पृथ्वीवरील माणसांनीं फार पूर्वीं यंत्रमानव नेऊन सोडले आहेत. त्यांनीं आपला समाज आपण उभारावा, आणि तो योग्यतेस चढला म्हणजे त्यास आकाशगंगेच्या महान् प्रजासत्ताकांत सामील करून घ्यावें, अशी योजना आहे. ही योग्यता पाहण्यास टार्ल्टन नांवाचा एक परीक्षक पृथ्वीवरून येतो. त्याच्या अंगावर अंतराळांतला जाडजूड पोशाख आहे आणि डोक्यावर शिरस्त्राण. चेहरा दिसत नाहीं. नारिंगी रंगाचा एक यंत्रमानव मोठ्या आदबीनें त्यास शहर दाखवीत फिरतो. रस्ते स्वच्छ, कारखाने भरभराटीचे, कारभार लोकशाहीचा. मग परीक्षकाच्या ध्यानांत येतें कीं, येथें निळ्या रंगाचेहि यंत्रमानव आहेत. त्यांची वस्ती निराळी आहे, हलकीं कामें त्यांच्याकडे आहेत आणि गाडींत त्यांनीं मागच्या बाजूस बसावयाचें आहे. तो कारखाना पाहावयास मागतो. तेथें दिसतें कीं, नारिंगी आणि निळा ह्यांचे सुटे भाग एकच, तारा एकच, मेंदू एकच. अगदीं शेवटीं वरचा पत्रा बसवितांना काय तो रंगाचा फरक होतो. त्यानंतर ‘शिक्षक’ नांवाचें एक यंत्र प्रत्येकास तो कोण आहे हें शिकवितें. आणि तेथें मात्र दोघांचे धडे निराळे होतात.

परीक्षक निकाल देतो: सिब्रिनिया अद्यापि पात्र नाहीं. वाटाड्या खजील होऊन विचारतो कीं, आम्हांस कांहीं आशा आहे काय? परीक्षक सांगतो कीं, आशा आहे. पृथ्वीवरहि एके काळीं असेंच होतें, माणसें एकत्र राहावयास शिकलीं तेव्हांच त्यांच्यापुढें विश्वाचें दार उघडलें. मग तो आपल्या यानांत चढतो, एकटा असतां शिरस्त्राण उतरवितो, आणि शेवटच्या चौकटींत त्याचा चेहरा वाचकास प्रथमच दिसतो. तो कृष्णवर्णीय आहे. त्याच्या कपाळावरच्या घामाच्या थेंबांस लेखकानें ताऱ्यांची उपमा दिली आहे.

येथें थांबून ह्या रचनेची नीट दखल घेतली पाहिजे, कारण ती वरवर दिसते तितकी सोपी नाहीं. लेखकानें परीक्षकाच्या रंगाविषयीं पूर्वीं एक अक्षरहि खोटें सांगितलेलें नाहीं. किंबहुना त्यानें कांहींच सांगितलेलें नाहीं. शिरस्त्राण कोरें होतें, आणि त्या कोऱ्या कांचेमागें चेहरा बसविण्याचें काम वाचकाकडे सोंपविलें होतें. १९५३ सालच्या बहुतेक अमेरिकन वाचकांनीं तेथें गोरा चेहरा बसविला असणार, कारण त्यांच्या ‘शिक्षक’ यंत्रानें त्यांस तोच धडा दिला होता. आपल्याकडील जुने आलंकारिक ध्वनीचें सामर्थ्य सांगतात, तें हेंच: न बोललेला अर्थ रसिकाच्या मनांत उमटतो. फरक इतकाच कीं, येथें उमटलेला अर्थ शेवटच्या चौकटींत पुसला जातो, आणि तो कोणीं लिहिला होता हा प्रश्न वाचकापुढें उभा राहतो. हें सर्व लिहिलें गेलें तेव्हां कोणत्याहि वर्णाचा मनुष्य अंतराळांत गेलेला नव्हता. गागारिनचें उड्डाण १२ एप्रिल १९६१ चें. आणि गायन ब्लूफर्ड हा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन अंतराळांत गेला तो ३० ऑगस्ट १९८३ रोजीं, म्हणजे कथेनंतर तीस वर्षांनीं.

गुणांबरोबर दोषहि सांगावेत हा समीक्षेचा धर्म आहे. कथेंत शब्दांची गर्दी फार आहे. चौकटींचा वरचा भाग मजकुरानें भरून गेल्यामुळें चित्रांस अंग चोरून उभें राहावें लागतें. शिवाय अक्षरें यंत्राच्या साह्यानें काढलेलीं असल्यामुळें पान कचेरींतल्या कागदासारखें दिसतें. रूपक इतकें उघडें आहे कीं, तिसऱ्या पानावरच बोध कळतो. तरीहि शेवटची चौकट ह्या सर्व दोषांस पुरून उरते. रे ब्रॅडबरी ह्या नामवंत विज्ञानकथालेखकानें ती वाचून प्रकाशकांस पत्र लिहिलें आणि देशांतील प्रत्येकानें ही कथा वाचलीच पाहिजे असा अभिप्राय दिला.

कथेचें पुढील चरित्र कथेपेक्षांहि बोलकें आहे. १९५४ च्या वसंतऋतूंत डॉ. फ्रेड्रिक वर्थम ह्या मानसरोगतज्ज्ञाचें ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. कॉमिक वाचून मुलें बिघडतात हा त्याचा सिद्धांत. त्याच एप्रिलच्या २१ व २२ तारखांस अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीनें न्यूयॉर्कमध्यें चौकशी केली आणि विल्यम गेन्स साक्षीस उभा राहिला. प्रकाशकांनीं घाबरून स्वतःच एक आचारसंहिता केली आणि चार्ल्स मर्फी नांवाच्या न्यायाधीशास तिचा प्रमुख नेमलें. त्याच्या कचेरीचा शिक्का नसेल तें कॉमिक विक्रेते दुकानांत ठेवीनात. ‘विअर्ड फॅन्टसी’ तोंवर बंद पडलें होतें. त्याच्या वारसाचें नांव ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’. जानेवारी-फेब्रुवारी १९५६ च्या अंकासाठीं पाठविलेली एक कथा संहितेच्या कचेरीनें नाकारली, म्हणून गेन्सनें तिच्या जागीं ‘जजमेंट डे’ पुन्हा छापावयाची ठरविली.

पुढील हकीकत फेल्डस्टाइन ह्यांनीं नंतर अनेकदां सांगितली आहे. मर्फी ह्यांनीं कथा पाहिली आणि शेवटचा मनुष्य कृष्णवर्णीय असतां कामा नये असें बजाविलें. तो तसा नसेल तर कथेंत उरतें काय, असें लेखकानें विचारलें. गेन्सनें हें प्रकरण वृत्तपत्रांपुढें मांडण्याची धमकी दिली. तेव्हां मर्फी ह्यांनीं मागणी कमी केली: चेहरा राहूं द्या, निदान घामाचे थेंब तरी काढा. गेन्सनें तेंहि मानलें नाहीं. कथा जशीच्या तशी छापली. ई. सी.चें तें शेवटचें कॉमिक ठरलें. त्यापुढें गेन्सनें ‘मॅड’ हें विनोदी मासिक तेवढें चालू ठेवलें. कोणत्याहि वंशाचा उपहास होऊं नये असें कलम त्या संहितेंत स्पष्ट लिहिलेलें होतें. त्याच संहितेच्या रखवालदारास एका वंशाचा मनुष्य प्रतिष्ठेच्या जागीं दिसला तेव्हां तो सहन झाला नाहीं. आणि हें घडत होतें त्याच सुमारास, १ डिसेंबर १९५५ रोजीं, अलाबामा संस्थानांतील माँटगोमेरी शहरीं रोझा पार्क्स ह्या बाईनें बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठीं सोडण्यास नकार दिला.

परंतु ह्या नाटकांत कोणास सरळ खलपुरुष ठरवूं पाहावें तर तेंहि जमत नाहीं. ज्या डॉ. वर्थम ह्यांच्या पुस्तकानें हें वादळ उठविलें, त्यांनीं १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत, एका चर्चच्या तळघरांत, गरीब कृष्णवर्णीयांसाठीं मनोविकारांचा दवाखाना उघडला होता. वर्णभेदाच्या शाळांमुळें मुलांच्या मनावर काय आघात होतो ह्याविषयीं त्यांनीं डेलावेअर येथील खटल्यांत साक्ष दिली. तेच खटले पुढें इतर खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयापुढें गेले आणि १७ मे १९५४ रोजीं अशा शाळा घटनाबाह्य ठरल्या. म्हणजे एकाच वर्षीं, एकाच ऋतूंत, ह्या गृहस्थाच्या एका हातानें भेदाची भिंत पाडण्यास साह्य केलें आणि दुसऱ्या हातानें ज्या वाङ्मयावर वरवंटा फिरविला, त्यांत भेदाविरुद्ध लिहिलेली ही कथाहि होती. सज्जनांच्या हातून असेंहि घडतें, हें इतिहास शिकविणाऱ्यांनीं विसरूं नये.

आतां दुसऱ्या वाचनाकडे येतों. पहिल्या वेळीं आमची नजर शेवटच्या चौकटीवर खिळली होती. ह्या वेळीं ती वाटाड्यावर खिळली. हा नारिंगी यंत्रमानव दुष्ट नाहीं. तो सुशिक्षित आहे, पाहुण्याशीं नम्र आहे, आपल्या शहराचा त्यास अभिमान आहे. भेद उघड झाल्यावर तो त्याचें समर्थनहि करीत नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, हें सारें मी बनण्याच्या पूर्वींपासून चालत आलें आहे. मी एकटा ह्यास काय करणार? आमच्या मतें कथेचें मर्म ह्या चौकटींत आहे. शिरस्त्राणाची युक्ति वाचकास एकदां चकित करते. वाटाड्याचें हें वाक्य मात्र प्रत्येक वाचनास नवें राहतें, कारण तें रोज कानांवर पडतें.

तें कसें पडतें त्याचें एक उदाहरण देतों. आम्ही राहतों त्या इमारतींत दोन लिफ्ट आहेत. घरकामास येणाऱ्या बायांनीं व पार्सलें आणणाऱ्या मुलांनीं मागील लिफ्ट वापरावी अशी पाटी पुढच्या लिफ्टपाशीं लावलेली आहे. मागील लिफ्ट वरचेवर बिघडते. अशाच एका दिवशीं आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या बाई गुडघ्यांवर हात ठेवीत सहा मजले चढून आल्या. पुढची लिफ्ट त्या वेळीं रिकामी उभी होती. वार्षिक सभेंत आम्हीं तो विषय काढला. सभेंत कोणीहि रागावलें नाहीं, उलट सर्वांनीं सहानुभूति दाखविली. एक निवृत्त इंजिनिअर, मोठे सालस गृहस्थ, आम्हांस म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तुमचं म्हणणं पटतं, पण हा नियम मी इथं राहायला यायच्या आधीपासूनचा आहे. मी एकटा काय करणार?” विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. पाटी अद्यापि जागच्या जागीं आहे. तोंवर तुम्ही आमच्याबरोबर पुढच्या लिफ्टनें येत जा, असें आम्हीं बाईंस सुचविलें. त्या म्हणाल्या, “तुमच्यासंगं आले तर चालतं हो सर. पण कुणी बोललं तर मला बोलतात, तुम्हाला नाही.” अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या पुस्तकांत जें सांगण्यास प्रकरणें लागतात, तें त्या बाईंनीं भाजी निवडतां निवडतां एका वाक्यांत सांगितलें.

अमेरिकेंतील ही गोष्ट आपल्याकडे ओढून आणण्याची गरज नाहीं. ह्या दोन देशांचें नातें ह्या बाबतींत जुनें आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते, आणि हार्लेम तेथून पायीं जाण्याच्या अंतरावर. १९४६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्यू बॉइस ह्यांस पत्र लिहून उभयतांच्या प्रश्नांतील साम्याचा उल्लेख केला. १९७२ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या दलित पँथरनें तर आपलें नांवच अमेरिकेंतील ब्लॅक पँथरवरून घेतलें. अस्पृश्यता नष्ट करणारें सतरावें कलम घेऊन आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आली, म्हणजे ह्या कथेच्या तीन वर्षें आधीं. पण जातीवरून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांचीं नांवें बदलावीं असा निर्णय घेण्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळास डिसेंबर २०२० उजाडावा लागला. सिब्रिनियाच्या निळ्या वस्तीस तेथील लोक कोणत्या नांवानें हाक मारीत, ह्याची कल्पना मराठी वाचकास करावी लागत नाहीं.

ही कथा आम्हीं गेल्या वर्षीं बी. ए.च्या शेवटच्या वर्गांत विद्यार्थ्यांसह वाचली. शेवटच्या चौकटीवर अपेक्षेप्रमाणें कुजबुज झाली, एकदोघे हंसले. मागच्या बांकावरचा एक विद्यार्थी, जो एरवीं फारसा बोलत नाहीं, तो उठून म्हणाला, “सर, दार बंद झालं ते सगळ्या ग्रहाला. मग निळ्यांचा काय अपराध होता? भेद भोगायचा त्यांनीच आणि शिक्षाही भोगायची त्यांनीच?” वर्ग शांत झाला. आम्हीं ही कथा पुष्कळ वेळां वाचली आहे, तिच्यावरचे अभिप्रायहि वाचले आहेत. हा प्रश्न कोठें भेटला नव्हता. परीक्षक न्यायी खरा, पण तो निवाडा देऊन यानांत बसून जातो. ज्यांच्यासाठीं निवाडा दिला ते गाडीच्या मागच्या बाजूसच राहतात. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत असतां एक विद्यार्थिनी म्हणाली, “पण सर, दार उघडलं असतं तर आत कोण गेलं असतं? नारिंगीच. आणि निळ्यांना तिथंही मागेच बसवलं असतं.” ह्यावर त्या दोघांचा जो वाद जुंपला तो तास संपल्याची घंटा झाल्यावरहि चालू होता.

दोघांपैकीं कोणाचें म्हणणें बरोबर ह्याचा निर्णय आम्हीं दिला नाहीं, आणि येथेंहि देत नाहीं. विद्यार्थिनीचें म्हणणें न्यायाच्या बाजूचें आहे: अन्याय झांकून मिळविलेली प्रतिष्ठा ही अन्याय करणाऱ्याचीच प्रतिष्ठा होते. विद्यार्थ्याचें म्हणणें अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूचें आहे: बाहेरून आलेल्याचा निवाडा कितीहि उदात्त असो, त्याची किंमत प्रथम त्यालाच पडते. आमच्या बाईंनीं लिफ्टविषयीं सांगितलें तें हेंच. एवढें मात्र ह्या दोहोंवरून निश्चित होतें कीं, परीक्षक निघून गेल्यावर सिब्रिनियावर जें व्हावयाचें तें तेथल्याच कोणीतरी करावयास हवें. आणि त्याचा आरंभ करण्यास, सर्व कांहीं डोळ्यांनीं पाहिलेल्या त्या वाटाड्याएवढें सोयीच्या जागीं दुसरें कोणी उभें नाहीं. तो एकटा आहे हें खरें. पण प्रत्येक नारिंगी यंत्रमानव हेंच म्हणत असेल तर एकटे एकटे मिळून सबंध शहर होतें.

घरांत दहाबारा वर्षांचीं मुलें असतील त्या वाचकांस आमची शिफारस आहे कीं, ही कथा मिळवून त्यांच्यासह बसून वाचावी. कागद हलका असला तरी विषय हलका नाहीं. मात्र वाचून झाल्यावर शिरस्त्राणाखालीं कोण होतें हें मुलांस विचारूं नये. तें चित्रकारानेंच दाखविलें आहे. विचारावें तें हें, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो वाटाड्या गाडींत चढला तेव्हां कोठें बसला असेल?